वायर वाढवली

पाळणा नॉर्वेत आणि आत्या सांगलीत असली, तर बाळाच्या कानात 'कुर्र' कोणी करायचं? हा प्रश्न आमच्या घरात सकाळच्या चहाबरोबर निघाला आणि रात्रीच्या आमटीपर्यंत पुरला. आमचा मुकुल नॉर्वेत असतो. तिथंच त्याला मुलगी झाली. आणि तिची एकुलती एक आत्या, म्हणजे आमची सई, इथं पायाला प्लॅस्टर घालून दिवाणावर बसलेली. ती स्कूटरवरून पडली असं म्हणायचं नाही, स्कूटरने तिला पाडलं असं म्हणायचं, अशी तिची सक्त ताकीद आहे. काहीही म्हटलं तरी डॉक्टरांनी विमानप्रवासाला नको सांगितलं होतं.

"दुसरं कोणीतरी करेल कुर्र," मी सहज म्हणालो.

सईचे डोळे एकदम भरून आले. "बाबा, नोकरी मी परीक्षा देऊन मिळवली, घर कर्ज काढून घेतलं. आत्यापण तेवढं मला न मागता मिळालंय. ते मी दुसऱ्या कोणाला देणार नाही."

हे मी गच्चीवर जाऊन मुकुलला फोनवर सांगितलं. त्याने तिकडून निरोप धाडला, "ताई, मग व्हिडिओ कॉलवरून कर. मी फोन बाळाच्या कानाशी धरतो. पण नाव पहिल्यांदा तिच्याच कानात गेलं पाहिजे, आम्हालाही आधी सांगू नकोस."

ठरलं. फक्त एक अडचण होती. आमची कॉलनी हरिपूर रस्त्याच्या आतल्या बाजूला, चारी अंगांनी हळदीच्या गोदामांचे पत्रे. मोबाईलची रेंज आमच्याकडे येते ती थेट गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी. तिथून खाली उतरायला ती तयार नाही आणि प्लॅस्टरसकट सईला वर चढता येत नाही. शेजारचे लालासाहेब हळदीचे व्यापारी आणि मनाने राजा माणूस. ते म्हणाले, "त्यात काय! यार्डातनं चार हमाल आणतो. खुर्चीसकट ताईला वर नेत्यात." आपण हळदीचं पोतं नाही, हे सईने त्यांना नम्रपणे सांगितलं.

म्हणजे घरात वायरचं इंटरनेट घेणं आलं. काचेच्या वायरचं, ज्याला फायबर म्हणतात ते. आणि हा शब्द कानावर पडला मात्र, माझ्या निवृत्त अंगात एकदम जीव आला.

मी टेलिफोन खात्यातला. सातारा-सांगली भागात उपकरणं आणि केबलचं काम तपासणं ही माझी अख्खी नोकरी. खांब हलवून पाहायचा, जोड उघडून पाहायचा, डबा ठोकून पाहायचा आणि शेवटी रिसीव्हरला कान लावून मान डोलवायची. लोकांची तक्रार कायम एकच: "सायेब, लायनीत कुर्र वाजतंय." महाबळेश्वरात पावसाचं पाणी जोडांत शिरलं म्हणून कुरकुर, आणि माण तालुक्यात पाऊसच नाही म्हणून सगळ्यांचीच कुरकुर. ती लायनीतून काढता काढता मी म्हातारा झालो. पण माझा सगळा संसार तांब्याच्या तारेशी. ही काचेची वायर मी निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीपर्यंत आली.

केसाएवढी बारीक काच, आणि तिच्यातून बोलणं जातं ते उजेड होऊन! हे वाचल्यापासून मी काही ताळ्यावर नव्हतो. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचार करत होतो, की ही आपली गोदावरी, माझी बायको, साधं 'दूध उतू गेलं' म्हणाली तरी ते शब्द उजेड होतील, कृष्णा ओलांडतील, कुठल्या कुठल्या समुद्रांच्या तळातून, झोपलेल्या माशांच्या बाजूने लुकलुकत जातील आणि नॉर्वेतल्या बर्फात पुन्हा शब्द होऊन उगवतील...

"अहो, दूध खरंच उतू गेलं!" गोदावरी म्हणाली. "दारात उभे होतात ना?"

कंपनीकडे अर्ज केला. कॉलनीतली आणखी काही घरं तयार झाली तर येतो, असं कंपनी म्हणाली. तयार करायला काही लागलंच नाही, कारण लालासाहेबांनी 'घ्या' म्हटलं की कॉलनी घेते. कामाचा दर्जा तपासायची जबाबदारी मी स्वतःहून अंगावर घेतली. कोणी दिली नव्हती, हे खरं. पण कोणी काढूनही घेतली नाही.

काम करायला शिवतेज आला. दहिवडीकडचा तरणाबांड गडी, कानात सतत काहीतरी वाजत असलेला, आणि कुठल्याही प्रश्नाला "हुतंय की सर" हे एकच उत्तर. मी खांबाचा खड्डा खोल आहे का विचारलं, तो म्हणाला हुतंय की सर. मी म्हणालो, जमीन ठोकून बघ. तो म्हणाला हुतंय की. खांब उभा केला, आम्ही चार पावलं मागे सरून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं, आणि तो आमच्या डोळ्यांदेखत सावकाश जमिनीत उतरू लागला. कंबरभर उतरून थांबला. खाली जुनं पेव निघालं. पूर्वी इकडे हळद जमिनीतल्या पेवांत साठवायचे, त्यातलंच एक विसरलेलं. त्यातून मग सल्ल्यांचंही पेव फुटलं. कोणी म्हणालं तिथंच राहू दे, आपोआप पक्का झालाय. कोणी म्हणालं आधी आत हळद आहे का बघा. शेवटी खांब काढून लालासाहेबांच्या कंपाउंडच्या भिंतीला वायर आणली आणि तिथं पेटी बसवली. या पेटीतून घरोघरी वायरी जायच्या होत्या.

शिवतेजने मीटर लावला आणि म्हणाला, "सर, लॉस जरा जास्त वाटतोय."

लालासाहेब ताडकन उठले. "ए गड्या! आमच्या दारात तो शब्द काढायचा न्हाई. तोंड धू आदी."

"आवं पण मीटरवर लॉसच दिसतोय."

"मीटर तुझा. दार आमचं. आमी धान्य मोजतानाबी पैल्या मापाला एक म्हणत न्हाई, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. तू पण लाभ म्हण."

शिवतेजने माझ्याकडे पाहिलं. खात्यातला अनुभव सांगतो, की ज्याच्या भिंतीवर पेटी आहे त्याच्याशी वाद घालू नये. मी मान डोलवली. त्या दिवसापासून वायरीत वाटेत उजेड किती गळतो त्याला आमच्या कॉलनीत लाभ म्हणू लागले. "तुमच्याकडं लाभ किती?" "लय हाय बगा." "मग आमच्यापेक्षा बरं हाय तुमचं." असं संभाषण मी स्वतः ऐकलं आहे.

बारसं दोन दिवसांवर आलं. आमच्या घरापर्यंत वायर ओढून झाली, फक्त लालासाहेबांच्या भिंतीशी ती अजून खिळवायची राहिली होती. तेवढ्यात लालासाहेबांच्या आई, बनुबाई, ताट घेऊन बाहेर आल्या. नवी वस्तू दारात आली आणि तिची पूजा नाही, हे त्यांना चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी पेटीचं झाकण उघडायला लावलं आणि आतबाहेर सढळ हाताने हळद-कुंकू वाहिलं. हळद घरचीच, त्यामुळे हात आखडायचं कारण नव्हतं.

"आता नारळ," बनुबाई म्हणाल्या. "गंगाधरभाऊ, ती वायर जरा वर धरा."

मी वायर वर धरली. लालासाहेबांनी खालच्या दगडावर नेम धरला. आणि वायर हातात असताना मला वाटलं, की आत्ता या क्षणी आपल्या चिमटीत किती जणांचं बोलणं मावेल. उद्या याच केसातून कोणी भांडेल, कोणी 'पोचलो' म्हणेल, कोणी नुसतंच हसेल. माझ्या चिमटीला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं, आणि बहुधा म्हणूनच ती सुटली.

नारळ आणि वायर एकदमच फुटले. म्हणजे, तसं म्हणायचं नसतं.

"वाढला!" लालासाहेब आनंदाने म्हणाले, मग खाली बघून हळूच म्हणाले, "वायरबी वाढली."

आपल्याकडे नारळ फुटत नाही, वाढतो. बांगडी फुटत नाही, वाढते. मग घरात बारसं असताना वायर तरी तुटेल कशी? ती वाढलीच. कोणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, अगदी मलाही. मी तक्रार करायला गच्चीवर टाकीपाशी गेलो. मागून गोदावरी आली, लालासाहेब आले, आणि बनुबाई खाली अंगणात मान वर करून बसल्या.

कंपनीतली मुलगी फार गोड बोलत होती. "सर, नेमकं काय झालंय?"

"वायर..." मी म्हणालो. गोदावरीने डोळे मोठे केले. तोंडापर्यंत आलेला शब्द मी गिळला. "वायर वाढवली."

"कोणी वाढवली, सर?"

"तशी आम्हीच. नारळाबरोबर."

तिकडे कीबोर्ड खटखटला. "नारळाच्या झाडापर्यंत वाढवली का सर?"

"नाही हो, दगडापर्यंत."

"किती वाढवलीत?"

"दोन तुकडे."

"धन्यवाद सर, नोंद घेतली आहे," ती म्हणाली. मी समाधानाने खाली उतरलो. खात्याची भाषा खात्यालाच कळते, असं मी गोदावरीला सांगितल्याचंही आठवतं.

संध्याकाळी टाकीपाशी गेलो तेव्हा निरोप येऊन पडला होता. 'आपण कंपनीच्या परवानगीशिवाय वायर परस्पर वाढवल्याचे मान्य केले आहे. चौकशी होईपर्यंत आपली जोडणी स्थगित करण्यात येत आहे.'

ज्याने उभ्या आयुष्यात लोकांच्या चोरट्या जोडण्या पकडल्या, त्याच्यावर हा आळ! मी कठड्याला धरून उभा राहिलो. समोर गोदामांचे पत्रे उन्हात तांबूस झाले होते आणि खाली सई खिडकीशी बसून पुटपुटत होती, "कुर्र... कुर्र..." ती सराव करत होती. मला तिच्यासमोर जायचं धैर्य झालं नाही. शेवटी गेलो आणि सांगितलं. ती रागावली नाही, नुसती प्लॅस्टरकडे बघत म्हणाली, "होईल ना हो बाबा?" त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शिवतेजला कंपनीने पाठवलं, ते वाढवलेली वायर कापून आणायला. त्याने दगडाशी बसून पाहिलं आणि ओरडला, "आवं, ही तर तुट..."

"शूऽऽ!" सगळी कॉलनी म्हणाली.

वायर त्याने छोट्या मशीनवर सांधून दिली. त्यात तो पटाईत होता, पण सांधण्यासाठी कापलेला काचेचा तुकडा आपल्याच चपलेत टाकून बसला आणि मग बराच वेळ एका पायावर उड्या मारत होता. "आता वायर वाढवली न्हाई, एवढं तुमी कंपनीला सांगा, की वरनं चालू करत्यात," तो म्हणाला. "पण आदी लाभ बगू. कुटं गळतोय ते लाल उजेड सोडून दिसंल. घरातलं दिवे तेवढं घालवा."

झालं! वेळ नेमकी दिवेलागणीची. तिन्हीसांजेला, उद्या बारसं असताना, घरात अंधार करायचा? गोदावरी दिव्याच्या बटणासमोर उभी राहिली. बनुबाईंनी तोड काढली: "घालवायचं न्हाईत. शांत करायचं. आन देवापुढची समई ऱ्हाऊ द्यायची." एवढ्यावर तह झाला.

दिवे शांत झाले. दिवाणखान्यात सगळे कुजबुजत उभे राहिले आणि शिवतेजने पेटीपाशी लाल उजेडाचं पेन लावलं. क्षणभर काहीच नाही. मग देवघराच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, वायरीच्या पोटात लाल कळी उमलल्यासारखा उजेड दिसू लागला. समईची पिवळी ज्योत आणि तिच्यामागे तो लाल थेंब. बनुबाईंनी हात जोडले. मला वाटलं, नोकरीभर आपण जे शोधलं ते कधी डोळ्यांना दिसलं नाही, नुसतं कानांनी ऐकलं. आणि आता दोष दिसतोय तो इतका सुंदर, की तो काढावासा वाटत नाही. मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. सईसुद्धा दिवाणावरून वाकून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर त्या तांबूस उजेडात ती शाळेत जायची तेव्हाचं काहीतरी आलं होतं.

"हितं वायर मोडून खिळा कुणी मारला?" शिवतेज म्हणाला.

"दिसायला नको म्हणून मी दुमडली," गोदावरी म्हणाली. "रुमालासारखी घडी बसत होती छान."

"काच हाय ती काकू. वळण मोठं लागतंय."

"किती मोठं?" तिने विचारलं. त्याने हाताने हवेत एक गोल काढला, जो प्रत्येकाला वेगळा दिसला. तेव्हा बनुबाईंनी हातातली बांगडी पुढे केली. "एवढं?" एवढंच. बांगडीला वायर फिरवून वळण दिलं आणि लाल कळी मावळली. मला उगीच वाईट वाटलं.

तरी मीटर काही खूश होईना. शिवतेजने वायरीचं टोक छोट्या दुर्बिणीत पाहिलं आणि ती माझ्याकडे दिली. मी पाहिलं. काळोख्या वर्तुळात पिवळे धमक डोंगर. सांगलीची हळद! केसाएवढ्या काचेच्या तोंडावर एक कण बसला की उजेडाची वाट अडते, आणि इथं तर पेटीत मूठभर वाहिलेली.

"पुसून टाकतो," शिवतेज म्हणाला.

"हळद पुसायची न्हाई!" बनुबाई कडाडल्या. शिवतेजच्या हातातली पुसायची पट्टी जागच्या जागी थांबली. तो बिचारा एकदा मीटरकडे बघे, एकदा बनुबाईंकडे. मी घसा खाकरला, पण दर्जा तपासण्याच्या कुठल्याच नियमात याला उत्तर नव्हतं.

उत्तर सईने दिलं. "आजी, पुसायची नाही. लग्नानंतर नवरा-नवरीची उतरवतात, तशी उतरवायची."

बनुबाईंनी विचार केला. "उतरवायची तर हरकत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि एक जुनी ओवी गुणगुणायला लागल्या. त्या ओवीच्या तालावर शिवतेजने घराघराच्या वायरीची हळद उतरवली. मीटर सुधारला. लाभ कमी झाला, आणि लालासाहेबांनासुद्धा त्याचा आनंद झाला, हे मला आजही पुरतं समजलेलं नाही.

राहिली ती चौकशी. बारशाच्या सकाळी घरात पाहुण्या बायका जमू लागल्या आणि कंपनीला तर 'तुटली' हे स्पष्ट सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. घरात, गच्चीत, दारात, तो शब्द काढायला गोदावरीची परवानगी नव्हती. लालासाहेबांनी स्कूटर काढली. "चला सायेब, संगमावर. तिथं रेंजबी हाय आन नदी काय मनावर घेत न्हाई."

संगमावर सकाळचं धुकं अजून पाण्यावर रेंगाळत होतं. पलीकडचा काठ होता की नव्हता सांगता येत नव्हतं. नावाड्याची एक नाव नुसतीच उभी. पाण्याकडे बघत राहिलो तर कशासाठी आलो तेच विसरायला झालं. लालासाहेबांनी कोपराने ढोसलं तेव्हा फोन लावला.

"वाढवली नाही हो! तुटली!" मी ओरडलो. दाबून ठेवलेला शब्द सुटला तो थांबेचना. "तुटली! तुटली! दोन दिवसांपूर्वीच तुटली! मीच तोडली!"

घाटावर म्हैस धुणारा एक गृहस्थ म्हशीला सोडून वर आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हुतं आसं काका. सोयरीक जमती, तुटती. पोरीला दुसरं स्थळ येईल." मला त्याला खरं सांगायला जमलं नाही. मी 'येतो' म्हणालो आणि त्याने मोठ्या समजुतीने मान हलवली.

परत आलो तर पाळणा सजला होता. इथंही पाळणा हवाच, असं बायकांनी ठरवलं होतं. त्यात बाळ म्हणून वरवंटा, कुंची घातलेला. सई खुर्चीत, प्लॅस्टरला काठपदराची साडी गुंडाळलेली. राऊटरचे दिवे लागलेले नव्हते. एक बाई म्हणाली सुरू करूया, मुहूर्त जातोय. गोदावरी म्हणाली थांबूया. सई नुसती त्या डब्याकडे बघत होती. मीही बघत होतो. जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं तपासून 'ठीक' म्हटलं, पण स्वतःसाठी एखादं यंत्र चालावं म्हणून देवाला हाक मारली ती त्या दिवशीच.

आणि दिवा लागला. हिरवा. पडद्यावर मुकुल, त्याच्यामागच्या खिडकीत बर्फ, आणि दुपट्यात गुंडाळलेला एक लालबुंद, रडून रडून थकलेला चेहरा.

"ताई, धरतोय फोन कानाशी. मी कान झाकून घेतो, तू बोल!"

सई पुढे वाकली. आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत बायकांनी अशी मनापासून पाळली, की पहिल्याच धपाट्याला चित्र गोठलं. पडद्यावर मुकुलचा नुसता कोपर राहिला. पण आवाज जात होता. सईने ओठ अगदी फोनला लावले, डोळे मिटले, आणि आम्हा कोणालाही ऐकू येणार नाही असं काहीतरी म्हणाली. आम्हाला ऐकू आलं ते फक्त आधीचं, "कुर्रऽऽऽ".

तिकडे रडणं थांबलं. एकदम. मग त्या शांततेत, अगदी जवळून, बाळाचा एक उसासा आला, पोटभर ऐकून घेतल्यासारखा. सई रडत होती आणि हसत होती. "वेण्णा," ती मोठ्याने म्हणाली. "तिला सांगितलंय मी. वेण्णा. महाबळेश्वराहून निघून आपल्या कृष्णेला मिळते ती." मुकुल तिकडून ओरडला, "अगं, इथं वेन म्हणजे मित्र!" आणि बायकांनी सईच्या पाठीत पुन्हा धपाटे घातले.

मी हळूच गच्चीवर निघून गेलो. डोळे पुसायला माणसाला रेंज लागत नाही, पण सवय टाकीपाशीच घेऊन गेली. खाली वायर दिसत होती, घरातलं बांगडीएवढं वळण संपवून लालासाहेबांच्या भिंतीकडे निघालेली, आणि मला वाटलं की वेण्णेचा उसासा अजून तिच्यातून येतोच आहे, सावकाश, समुद्राखालून.

फोन वाजला. कंपनीतली तीच गोड मुलगी. "सर, जोडणी सुरू झाली ना? कामाचा दर्जा तपासण्यासाठी विचारतेय. आवाज स्पष्ट आहे? लाईनवर काही खरखर, कुरकुर?"

"आहे," मी म्हणालो. "एकदा 'कुर्र' असं आलं."

"सॉरी सर. लगेच माणूस पाठवून काढून टाकते."

"नको," मी म्हणालो. "ते राहू दे."